मुलीच्या लग्नाआधी बोटॉक्स करू का?

पत्र: माझं वय ५२. सांगलीत शाळेत शिकवते. मुलीचं लग्न बरोबर सात आठवड्यांवर आलंय. भुवयांच्या मधे दोन उभ्या रेषा पडल्यात. मी तोंड उघडायच्या आधीच वर्गातली मुलं ‘बाई चिडल्यात’ म्हणतात. डोळ्यांच्या कडेला सुरकुत्या, डोळ्यांखाली खड्डा आणि काळेपणा, नाकापासून ओठांपर्यंत घड्या, गालांवर वांग. ओळखीच्या पार्लरमध्ये महिन्यातून एकदा बाहेरगावाहून डॉक्टर येतात. बोटॉक्स, एक फिलर आणि ग्लो ड्रिप असं मिळून १५,००० चं पॅकेज सांगितलंय. नुसतं ‘फुल फेस’ बोटॉक्स ६,००० ला. मला बीपी आहे, गोळी चालू आहे, शिवाय रक्त पातळ ठेवणारी इकोस्प्रिन ७५ रोज घेते. मिस्टर म्हणतात, या वयात कशाला. घरात सगळे माळकरी, त्यामुळे ही इंजेक्शनं मांसाहारी नाहीत ना, हेही विचारायचंय. करू का?

उत्तर: ताई, आधी सरळ उत्तर देतो, कारणं मागून. भुवयांमधल्या रेषा आणि डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्या यांसाठी बोटॉक्स करून घ्यायला हरकत दिसत नाही. मात्र ते येत्या आठ-दहा दिवसांत, आणि त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जन यांच्याच हातून. डोळ्यांखालचं फिलर लग्नाआधी नको. नाक-ओठांमधल्या घड्यांचं लग्न पार पडल्यावर बघा. वांगावर यातल्या कशाचाच उपयोग नाही. ग्लो ड्रिप लग्नाआधीही नको आणि नंतरही नको. आणि पार्लरमधलं पॅकेज, ओळख कितीही जुनी असली तरी, नाकारा.

‘या वयात कशाला’ याचं उत्तर तुमचं तुम्ही द्यायचं. हौस असेल तर तेवढं कारण पुरतं. आम्हाला काळजी आहे ती फक्त सुई कुणाच्या हातात असेल आणि बाटलीत काय असेल याची.

आरशासमोर उभ्या राहा. चेहरा सैल सोडा, मग कपाळाला आठ्या घाला, मग मोठ्याने हसा. जी रेष हालचालीबरोबर उमटते आणि चेहरा सैल सोडल्यावर पुसट होते, ती स्नायूमुळे पडलेली आहे. तिच्यावर बोटॉक्स चालतं. जी रेष चेहरा स्वस्थ असतानाही खोल राहते, ती कातडीत रुतलेली आहे. ती बोटॉक्सने उथळ होईल, पण एका खेपेत पूर्ण जाणार नाही. जिथे खालची चरबी आणि हाड झिजून भाग बसलाय, तिथे भर घालणारं फिलर लागतं. आणि जिथे नुसता रंग बदललाय, तिथे दोन्ही निरुपयोगी. तुमच्या पत्रातल्या पाच तक्रारी या चार खणांत वाटल्या जातात, म्हणून एकाच पॅकेजने त्या सुटणार नाहीत.

आता बोटॉक्सबद्दल. हे बोट्युलिनम टॉक्सिन, एका जिवाणूने तयार केलेलं विष, हे खरं आहे. पण मात्रा नॅनोग्रॅममध्ये असते आणि ते जिथे टोचलं तिथल्या मज्जातंतूच्या टोकाकडून स्नायूला जाणारा निरोप अडवतं. स्नायू सैल पडला की वरच्या कातडीला घडी पडत नाही. सुरुवातीला हे औषध तिरळेपणासाठी आणि पापण्यांच्या अनावर उघडझापीसाठी वापरलं गेलं. अमेरिकेत त्यासाठी १९८९ मध्ये मान्यता मिळाली. व्हँकुव्हरच्या नेत्रतज्ज्ञ जीन कॅरुथर्स यांच्याकडे पापण्यांवर उपचार घेणाऱ्यांच्या भुवयांमधल्या आठ्याही मावळत होत्या, आणि त्यांचे पती अ‍ॅलिस्टर हे त्वचारोगतज्ज्ञ. त्या दोघांच्या कामातून हा सौंदर्योपचार उभा राहिला. भुवयांमधल्या रेषांसाठी अमेरिकी मान्यता २००२ ची आहे, डोळ्यांच्या कडांसाठी २०१३ ची. थोडक्यात, हे काल-परवाचं खूळ नाही, मात्रा आणि जागा दोन्ही ठरलेल्या आहेत.

त्या मात्रा तुम्हाला माहीत असल्या पाहिजेत, कारण पार्लरमध्ये कोणी त्या सांगणार नाही. भुवयांमधल्या रेषांसाठी बोटॉक्स या ब्रँडची प्रमाणित मात्रा २० युनिट: पाच जागी चार-चार. एक जागा नाकाच्या मुळाशी, आणि दोन्ही भुवयांच्या आतल्या बाजूला दोन-दोन. डोळ्यांच्या कडांसाठी एकूण २४: प्रत्येक बाजूला तीन ठिकाणी चार-चार. पुष्कळ डॉक्टर आपल्याकडच्या बायकांना, विशेषतः पहिल्या खेपेला, यापेक्षा थोडी कमी मात्रा देतात आणि दोन आठवड्यांनी गरज पडली तर भर घालतात. पहिल्यांदा करताना हीच पद्धत चांगली. कमी पडलेलं वाढवता येतं, जास्त झालेलं काढून घेता येत नाही.

हे युनिट दुसऱ्या ब्रँडला लागू नाहीत. डिस्पोर्ट वापरलं तर त्याच पाच जागांना मिळून ५० युनिट लागतात, आणि त्याचा अर्थ जास्त औषध दिलं असा होत नाही. दोन्ही कंपन्यांची मोजपट्टीच वेगळी आहे. म्हणून कुणी ‘आम्ही तिकडच्यापेक्षा दुप्पट युनिट देतो’ म्हटलं, तर आधी ब्रँडचं नाव विचारा.

औषध बाटलीत कोरड्या थराच्या रूपात येतं. बाटली २ ते ८ अंश सेल्सिअसला फ्रिजमध्ये ठेवायची आणि ऐन वेळी त्यात सलाइन घालायचं. १०० युनिटच्या बाटलीत अडीच मिली सलाइन घातलं तर ०.१ मिलीत चार युनिट येतात. पाच मिली घातलं तर दोनच. ताक कितीही पातळ केलं तरी वाडगं भरलेलंच दिसतं, तसंच इथे. सिरिंज भरलेली दिसते, सुया तेवढ्याच टोचल्या जातात, आणि महिना-दीड महिन्यात आठ्या परत येतात. म्हणूनच ‘एक सीसी बोटॉक्स’ किंवा ‘फुल फेस’ या शब्दांना काहीच अर्थ नाही. कुठे किती युनिट, एवढंच विचारायचं.

तुमच्या ६,००० चा हिशेब करू. भुवया २०, डोळ्यांच्या कडा २४ आणि कपाळाला अगदी हात राखून १० धरले तरी ५४ युनिट होतात. म्हणजे युनिटला १११ रुपये. अस्सल औषध, ते नीट थंड ठेवणं आणि शिकलेल्या माणसाची फी या दरात बसत नाही. बऱ्या दवाखान्यात युनिटचा दर याच्या दुप्पट-तिपटीच्या घरात जातो. मग इतकं स्वस्त कसं पडतं? एकतर औषध पातळ केलेलं असतं, किंवा मागच्या खेपेला उघडलेली बाटली असते, किंवा माल बनावट असतो. महिन्यातून एकदा येणाऱ्या माणसाच्या बाबतीत दुसरी शक्यता फार खरी आहे. सलाइन घातलेलं बोटॉक्स २४ तासांच्या आत वापरावं, असं कंपनीचं पत्रक सांगतं. काही अनुभवी डॉक्टर ते फ्रिजमध्ये ठेवून थोडं पुढेही वापरतात, पण महिनाभर ठेवलेली, बसमधून आणलेली बाटली हा प्रकारच वेगळा.

बनावट मालाचं काय होतं, याचं उदाहरण २०२४ चं आहे. अमेरिकेत ११ राज्यांतल्या २२ जणांना बोट्युलिनमच्या इंजेक्शनांनंतर त्रास झाला आणि त्यातल्या निम्म्यांना रुग्णालयात दाखल करावं लागलं. दिसायला अंधूक किंवा दोन-दोन होणं, पापण्या पडणं, गिळायला त्रास, श्वास लागणं अशी लक्षणं होती. काहींना टोचलेलं औषध बनावट निघालं, आणि ही इंजेक्शनं परवाना नसलेल्या वा प्रशिक्षण नसलेल्या लोकांनी किंवा घरात, स्पामध्ये दिलेली होती.

आता पार्लरबद्दलचा आमचा सगळ्यात मोठा आक्षेप सांगतो, आणि तो पैशांचा नाही. ही इंजेक्शनं दिल्यावर काही बिघडलं तर ते पहिल्या तासात, दुसऱ्या दिवशी किंवा दहाव्या दिवशी कळतं. तोवर तो माणूस परगावी गेलेला असतो. चौदाव्या दिवशी तुम्हाला बघून एक भुवई वर गेलीय का, एक बाजू कमी पडलीय का, हे तपासणं उपचाराचाच भाग आहे. महिन्याने येणाऱ्या माणसाला ते जमत नाही. शिवाय तो खरोखर डॉक्टर आहे का, हा प्रश्न राहतोच. महाराष्ट्रात वैद्यकी करणाऱ्याची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे असते. नोंदणी क्रमांक मागा आणि कौन्सिलच्या संकेतस्थळावर नाव पडताळा. नोंदणी नसताना वैद्यकी करणं हा २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याच्या कलम ३४ खाली गुन्हा आहे: एक वर्षापर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. नुसती नोंदणीही पुरत नाही. नावापुढे त्वचारोगातली एमडी, डीएनबी किंवा डीडीव्हीएल, नाहीतर प्लास्टिक सर्जरीची एमसीएच किंवा डीएनबी असावी. ‘सर्टिफाइड कॉस्मेटॉलॉजिस्ट’ ही दोन दिवसांच्या वर्कशॉपचीही पाटी असू शकते.

कपाळावरच्या आडव्या आठ्यांचा उल्लेख तुमच्या पत्रात नाही, पण ‘फुल फेस’मध्ये कपाळ हमखास असतं, म्हणून इथे जरा थांबतो. पन्नाशीनंतर बऱ्याच जणींच्या वरच्या पापण्या हळूहळू उतरलेल्या असतात आणि नीट दिसावं म्हणून त्या नकळत कपाळाच्या स्नायूने भुवया वर ओढून धरतात. तो स्नायू सैल केला की भुवया खाली बसतात, डोळे लहान दिसतात, दिवसभर डोक्यावर ओझं असल्यासारखं वाटतं. हे घरीच तपासा. डोळे मिटा, कपाळ पूर्ण सैल सोडा, भुवयांवर बोटं हलकेच टेकवून त्या तिथेच धरून ठेवा आणि मग डोळे उघडा. पापणीची कातडी पापणीच्या केसांना टेकत असेल किंवा वरचं नीट दिसत नसेल, तर कपाळाला हात लावू देऊ नका. तसं नसेल तरी लग्नाआधी पहिल्याच खेपेला कपाळ करू नये, असं आमचं मत आहे. भुवयांमधल्या रेषा गेल्या की चेहऱ्यावरचा रागीटपणा बराच उतरतो, आणि तुमची मूळ तक्रार तीच आहे.

सगळं नीट करूनही काय बिघडू शकतं, हे आता सांगतो. भुवयांमधलं औषध खाली, डोळ्याच्या खोबणीत उतरलं तर पापणी उचलणाऱ्या स्नायूपर्यंत पोचतं आणि एक पापणी पडते. हे टाळण्यासाठी भुवईच्या मध्यावरची सुई हाडाच्या कडेपासून निदान एक सेंटिमीटर वर असायला हवी. डॉक्टर बोटाने ते हाड चाचपून अंगठा तिथे दाबून धरतात, ते त्यासाठीच. पापणी पडलीच तर ती सहसा पहिल्या दहा-बारा दिवसांत दिसते आणि दोन ते सहा आठवड्यांत आपोआप पूर्ववत होते. मधल्या काळात अ‍ॅप्राक्लोनिडिनचे थेंब पापणी एक-दोन मिलिमीटर उचलून धरतात, पण ते डॉक्टरांनीच लिहून द्यायचे, तुम्हाला बीपी असल्यामुळे तर नक्कीच. डोळ्यांच्या कडेला सुई फार खाली गेली तर हसू उचलणारा गालाचा स्नायू सैल पडतो आणि हसताना तोंड एका बाजूला कमी उघडतं. मुलीच्या लग्नाच्या फोटोत हे कुणालाच नको असतं.

आम्ही आठ-दहा दिवसांची घाई करतोय, ती या हिशेबाने. बोटॉक्सचा परिणाम तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून दिसू लागतो, दोन आठवड्यांनी पूर्ण होतो. दहाव्या दिवशी इंजेक्शन घेतलंत तर चोविसाव्या दिवशी तपासणी होते, हवी तर दोन-चार युनिटची भर पडते, आणि लग्नाला तरीही साडेतीन आठवडे उरतात. पापणीचा त्रास झालाच तर बहुतेक वेळा तो तोवर ओसरलेला असतो. लग्नाच्या आधल्या आठवड्यात हेच केलं तर यातलं काहीच हाताशी राहत नाही. परिणाम तीन ते चार महिने टिकतो. नंतर चेहरा पहिल्यासारखा होतो, पहिल्यापेक्षा वाईट होत नाही. ही भीती पुष्कळ जणींना असते, पण ती खरी नाही. पुन्हा करायचं तर तीन महिन्यांच्या आत करू नये.

दवाखान्यात गेल्यावर पद्धत साधारण अशी असावी. चेहऱ्यावर मेकअप नको. स्वस्थ चेहरा, आठ्या घातलेला, हसरा असे फोटो काढले जातात. पेन्सिलने खुणा होतात. सीलबंद बाटली तुमच्यासमोर उघडली जाते. तिच्यावरचं ब्रँडचं नाव, बॅच क्रमांक, मुदत, आयात केलेली असेल तर आयातदाराचं नाव आणि परवाना क्रमांक यांचा मोबाइलवर फोटो काढा. संकोच करू नका, सरळ डॉक्टर स्वतःच दाखवतात. सुई इन्सुलिनच्या सुईइतकी बारीक असते. सगळं मिळून दहा-पंधरा मिनिटांचं काम. बिलावर किंवा कार्डावर कुठे किती युनिट दिले हे लिहून घ्या, पुढच्या खेपेला त्याचाच आधार असतो.

इकोस्प्रिन स्वतःच्या मनाने बंद करू नका. हृदयासाठी किंवा स्टेंटनंतर ती दिलेली असेल तर ती थांबवण्याचा धोका कपाळावरच्या एखाद्या काळ्यानिळ्या डागापेक्षा कितीतरी मोठा आहे. ती चालू असतानाही बोटॉक्स देता येतं. डॉक्टरांना आधी सांगा, टोचलेल्या जागी कापसाने पाच मिनिटं दाबून धरा. बीपीची गोळी त्या सकाळी नेहमीसारखी घ्या, बीपी वाढलेलं असलं तर रक्त जास्त साकळतं. फिश ऑइल किंवा ई जीवनसत्त्वाच्या कॅप्सूल हौसेने घेत असाल तर त्या मात्र आठवडाभर आधी थांबवलेल्या बऱ्या. मायस्थेनिया ग्रेव्हिससारखा स्नायूंचा आजार असेल, टोचायच्या जागी पुळी किंवा जंतुसंसर्ग असेल, जंतुसंसर्गावरची जेन्टामायसिन किंवा अ‍ॅमिकासिनची इंजेक्शनं चालू असतील तर बोटॉक्स घ्यायचं नाही. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनीही नाही; तुमच्या बरोबर जाणाऱ्या एखाद्या पुतणी-भाचीला हे सांगा.

त्यानंतरचे चार तास आडवं पडू नका, टोचलेली जागा चोळू नका. त्या दिवशी व्यायाम, वाफ, ओणवं होऊन करायची योगासनं नकोत. डोक्याला तेल चोळून घेणं, फेशियल, कपाळावर घट्ट बसणारं हेल्मेट हे दोन-तीन दिवस टाळा. भुवयांचं थ्रेडिंग आधीच उरकून जा. हळदीच्या दिवशी तुमच्या गालाला कुणी कितीही हळद लावली तरी तोवर महिना उलटून गेलेला असेल, त्यामुळे ती चिंता नको.

आता फिलर, आणि इथे आम्हाला ठाम बोलायचंय. आजकाल बहुतेक फिलर हायल्युरोनिक आम्लाचे, जेलसारखे असतात, सिरिंज सहसा १ मिलीची. नाक-ओठांच्या घड्यांना दोन्ही बाजू मिळून एक ते दोन मिली लागतं, ब्रँड आणि जागेनुसार सहा महिने ते दीड वर्ष टिकतं. वय वाढताना गालाची भर खाली सरकल्यामुळेही या घड्या खोल दिसतात. अशा चेहऱ्यावर थेट घडीत जेल भरत गेलं तर तोंडाभोवती जडपणा येतो, तर गालाला थोडा आधार दिला की घडी आपसूक उथळ होते. हा निर्णय चेहरा बघूनच होतो, फोनवर ठरवलेल्या ‘एक फिलर’ने नाही.

डोळ्यांखालचं फिलर हे अनुभवी हातांनाही अवघड काम आहे. तिथली कातडी सगळ्यात पातळ. जेल वर राहिलं तर निळसर-करडी झाक दिसते, आणि सावळ्या-गव्हाळ रंगावर ती काळेपणा वाढल्यासारखी दिसते. जेल पाणी धरून ठेवतं, त्यामुळे सकाळी डोळ्यांखाली फुगवटा येऊ शकतो आणि तो महिनोन् महिने राहू शकतो. रक्त साकळलं तर ते सहसा आठ-दहा दिवसांत जिरतं, पण आपल्यासारख्या त्वचेवर तपकिरी डाग मागे राहू शकतो, आणि तुम्ही इकोस्प्रिनवर आहात. शिवाय तुमचा काळेपणा खड्ड्याच्या सावलीचा आहे की रंगद्रव्याचा, हे आधी बघायला हवं. आरशात बघताना हनुवटी वर करा आणि समोरून उजेड घ्या. काळेपणा कमी झाला तर तो सावलीचा, तसाच राहिला तर रंगद्रव्याचा. रंगद्रव्याला फिलरने काही होत नाही.

फिलरचा खरा धोका रक्तवाहिनीचा आहे. जेल चुकून धमनीत गेलं किंवा बाहेरून तिला दाबलं तर पुढच्या कातडीचं रक्त तुटतं. टोचताना किंवा लगेच तो भाग पांढरा पडणं, नेहमीपेक्षा फार दुखणं, नंतर जाळीदार निळसर चट्टे उमटणं, कातडी थंड लागणं, बोटाने दाबून सोडल्यावर तीन सेकंदांतही लाली परत न येणं, ही लक्षणं आहेत. साध्या काळ्यानिळ्या डागात जाळी दिसत नाही आणि दाबल्यावर तो पांढरा होत नाही. अशा वेळी हायल्युरोनिडेज हे जेल विरघळवणारं औषध ताबडतोब आणि भरपूर द्यावं लागतं: एका छोट्या भागाला ५०० युनिटच्या आसपास, आणि रंग परत येईपर्यंत तासातासाने पुन्हा. बर्फ लावायचा नाही, बर्फाने वाहिन्या आणखी आवळतात. कोमट शेक द्यायचा. भुवयांच्या मधल्या भागातल्या, नाकावरच्या आणि नाकाशेजारच्या वाहिन्या डोळ्याच्या धमनीशी जोडलेल्या असतात. जेल उलटं ढकललं जाऊन तिथे पोचलं तर क्षणात दिसेनासं होतं, आणि दृष्टिपटल रक्ताविना तास-दीड तासापलीकडे तग धरत नाही. गेलेली दृष्टी बहुतेकांची परत येत नाही. अशी घटना क्वचित घडते, पण म्हणूनच भुवयांमधल्या रेषांत फिलर भरायला कुणी निघालं तर खुर्चीवरून उठा.

लग्नानंतर फिलरचा विचार केलात तर डॉक्टरांना एक प्रश्न जरूर विचारा: तुमच्याकडे हायल्युरोनिडेज आत्ता फ्रिजमध्ये किती आहे? आपल्याकडे ते १५०० युनिटच्या बाटल्यांत मिळतं, आणि एक बाटली पुरेशी नसते. ‘लागलं तर मागवू’ हे उत्तर आलं तर दुसरा दवाखाना बघा. मधमाशी किंवा गांधीलमाशी चावून कधी अंगावर गांधी उठल्या असतील, श्वास लागला असेल, तर तेही सांगा, कारण अशांना या औषधाची अ‍ॅलर्जी येण्याची शक्यता जास्त असते. फिलरच्या आधी आणि नंतर दोन-दोन आठवडे दातांचं काम काढू नका. आणि ‘कायमस्वरूपी’ फिलर किंवा द्रवरूप सिलिकॉन हे शब्द ऐकले की नको म्हणा. ते विरघळवता येत नाही आणि कित्येक वर्षांनीही गाठी येतात. सांगली-मिरजेत तज्ज्ञांची वानवा नाही, बाहेरगावच्या माणसाची वाट बघायची तुम्हाला गरजच नाही.

ग्लो ड्रिप म्हणजे बहुधा ग्लुटाथायोन शिरेतून देणं. गोरेपणासाठी त्याला मान्यता नाही. फिलिपीन्समध्ये त्याचं फार वेड होतं, तिथल्या औषध प्रशासनाने त्वचेच्या गंभीर प्रतिक्रिया, यकृत आणि मूत्रपिंडाला इजा यांचा इशारा दिलेला आहे. बीपी असलेल्या बाईने पार्लरमध्ये शिरेत सलाइन लावून घेणं तर आम्हाला विचारातही आणवत नाही.

वांगासाठी आजपासून सनस्क्रीन: एसपीएफ ३० किंवा ५०, चेहरा आणि मानेला मिळून दोन बोटांवर लांब ओढलेल्या रेघेएवढं, शाळेत असाल तेव्हा दुपारी पुन्हा. आयर्न ऑक्साइड असलेलं, किंचित रंगाचं सनस्क्रीन वांगाला जास्त उपयोगी, कारण ते दृश्य प्रकाशही अडवतं. त्याच डॉक्टरांकडून अ‍ॅझेलिक आम्लाचं क्रीम लिहून घेता येईल. सात आठवड्यांत वांग जाणार नाही, पण फिकट होईल. मेडिकलमधून कुणी सांगितलेलं स्टेरॉइड मिसळलेलं क्रीम आणू नका. पंधरा दिवस चेहरा उजळतो आणि मग लाली, पुटकुळ्या, लव वाढते, नेमकी लग्नाच्या तोंडावर.

शेवटचा तुमचा माळकरी घराचा प्रश्न. बोटॉक्समध्ये मांस नाही. जिवाणू वाढवतात ते दुधातल्या केसिनपासून केलेल्या आणि यीस्टच्या माध्यमात, आणि बाटलीत औषधाबरोबर थोडं अल्ब्युमिन हे प्रथिन असतं, ते दान केलेल्या मानवी रक्तातून काढलेलं. हे घरात चालेल का, ते तुम्ही ठरवा. डिस्पोर्टमध्येही अल्ब्युमिन असतं, शिवाय लॅक्टोज असतं. गाईच्या दुधातल्या प्रथिनांची अ‍ॅलर्जी असेल तर ते घेऊ नका. हायल्युरोनिक आम्लाचे आजचे बहुतेक फिलर जिवाणूंकडून आंबवून बनवतात. गुरांच्या कातड्यातून काढलेलं कोलॅजन पूर्वी सर्रास वापरत, आणि बेलाफिलसारख्या एखाद्या फिलरमध्ये ते अजूनही असतं, म्हणून पुढे कधी फिलर घेतलंत तर खोक्यावरचे घटक वाचून मगच हो म्हणा.